अक्षय काय असते?



पहूरहून वाकोद-फर्दापूरच्या वाटेने गेले की अजिंठ्याची लेणी लागतात. आपली माणसे तेथील चित्रे पाहून परततात. भिंतीवरचे दानलेख मात्र फारसे कोणी पाहत नाही. दहाव्या लेण्याचा दर्शनी भाग वासिठीपुत कटहादी याने दिला. सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचे. कार्ल्याच्या चैत्यात तर एका सुताराचे नाव कोरलेले आहे. धम्माची ही घरे केवळ राजाच्या खजिन्यातून उभी राहिली नाहीत.

पण दानाचा खरा विचार शिकवणारा लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी संघासाठी ३००० कार्षापणे दिली. ती त्याने भिक्खूंच्या हाती दिली नाहीत, तर गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली. २००० वर दरमहा शेकडा एक व्याज, १००० वर दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. हीच अक्षयनीवी. हिशेब करून पाहा. २००० चे वर्षाचे व्याज २४०. वर्षावासातील २० भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी १२. एकही कार्षापण उरत नाही, एकही कमी पडत नाही! आणि ही गोष्ट निगमसभेत ऐकवून तिची नोंद केली, असेही तो लेख सांगतो.

येथे एक प्रश्न उभा राहतो. तथागतांनी सांगितले की सर्व संस्कार अनित्य आहेत. मग ठेव अक्षय कशी? त्या श्रेणी आज नाहीत, ते व्याजही नाही. तर 'अक्षय' हा शब्द खोटाच म्हणायचा काय?

नाणे अक्षय नसते, हे खरेच. पण चार माणसांसमोर केलेला करार, उघड वाचलेला हिशेब आणि देणाऱ्याच्या लहरीवर अवलंबून नसलेली मदत, ही रीत एका पिढीने दुसरीला शिकवली तर टिकते. शिकवली नाही तर एका रात्रीत मरते. जपायची ती ही रीत. १९१४ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकवाल्याने गावाचा निधी स्थापन केला, तोही याच वाटेने. अनेकांच्या देणग्या एकत्र ठेवायच्या, आणि त्यांचे उत्पन्न शहरातील कोणत्या कामाला द्यायचे ते नागरिकांच्या समितीने ठरवायचे. दात्याने घातलेली अट काळाने निरुपयोगी ठरली तर समितीने ती बदलावी, अशी सोयही त्यात होती. अनित्यता ओळखून केलेली ही व्यवस्था नव्हे काय?

कोणी म्हणेल, उषवदाताने ब्राह्मणांनाही गाई आणि गावे दिली. त्याला कीर्ती हवी होती. असेल. दात्याची चेतना हा त्याचा प्रश्न. घेणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे: या दानाने मी कोणाचा मिंधा होतो काय? दात्याच्या दारी दरवर्षी हात पसरावा लागला तर ती भीक होते. तीच रक्कम समाजाच्या ठेवीतून, नियमाने आणि सर्वांच्या साक्षीने मिळाली तर तो हक्क होतो. ज्या समाजाने शतकानुशतके उष्टे आणि उपकार यांवर जगणे भोगले, त्याने हा भेद कधीही विसरू नये.

बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात प्रत्येकाने उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्याला द्यावा असे सांगितले. आपण वर्गणी देतो, नाही असे नाही. पण ती मंडप, रोषणाई आणि भोंग्यात एका दिवसात संपते. दुसऱ्या दिवशी एखाद्या मुलीची परीक्षा-फी भरायला पेटीत रुपया नसतो.

म्हणून प्रत्येक विहाराने वर्गणीचा थोडा भाग तरी मुद्दल म्हणून बँकेत ठेवावा. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी. व्याजातून पुस्तके, फी आणि आजाऱ्याचे औषध द्यावे. दर पौर्णिमेला वंदनेनंतर हिशेब मोठ्याने वाचावा, आणि शेवटच्या रांगेतल्या आयाबायांनाही प्रश्न विचारू द्यावा. बाहेरची देणगी आली तर जरूर घ्यावी. मात्र अट आमच्या सभेला मान्य असेल तरच.

पेटीला कुलूप असावे, पण हिशेबाला असू नये.

जय भीम!