परक्याची कैफियत

1923 सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात असा निर्णय दिला की, हिंदी मनुष्य हा तेथील कायद्याच्या अर्थाने गौरवर्णी नव्हे आणि म्हणून तो नागरिकत्वास पात्र नाही. या निर्णयाचा आधार घेऊन सरकारने, ज्या हिंदी लोकांना पूर्वी रीतसर नागरिकत्व मिळाले होते त्यांच्याही सनदा रद्द करविण्याचे दावे लावले. आणि त्या प्रतिवादींत खुद्द थिंड यांची बाजू मांडणारे लॉस एंजेलिसचे वकील सखाराम गणेश पंडित हेही होते. पंडितांनी वर्णाचा वाद पुन्हा घातला नाही. 1914 साली सरकारची हरकत ऐकून घेऊनच न्यायालयाने आपणांस नागरिक ठरविले, त्या निकालावर विसंबून आपण वकिलीची सनद घेतली, संसार मांडला, मालमत्ता केली. तेव्हा एकदा निर्णीत झालेला वाद आता उकरून काढता येणार नाही, अशी त्यांची कैफियत होती. ती 1926 साली वरिष्ठ न्यायालयात मान्य झाली, पुढल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील ऐकण्याचे नाकारले, आणि उरलेले तसले दावे सरकारला सोडून द्यावे लागले. ज्यांचे नागरिकत्व त्यापूर्वीच हिरावले गेले होते त्यांत सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई होते; 1928 साली त्यांनी आत्महत्या केली.

या हकीकतीतील मला अस्वस्थ करणारी गोष्ट ही की, ज्या मुद्द्याने इतक्यांचे संसार वाचले तो मुद्दा कायद्यात आधीपासूनच होता. मात्र तो कोठे व कसा लावायचा हे जाणणारा माणूस प्रतिवादीच्या जागी योगायोगानेच येऊन बसला होता. स्थलांतरितांना कायद्याचे साहाय्य देणाऱ्या सेवाभावी संस्थांचे सारे कार्य हा योगायोग नाहीसा करण्याचे आहे, असे मी मानतो.

हद्दपारी ही शिक्षा नव्हे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1893 सालीच ठरवून ठेवले आहे. त्यामुळे गरीब फौजदारी आरोपीस सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा जो हक्क 1963 साली सर्व राज्यांत मान्य झाला, तो हद्दपारीच्या प्रकरणांना लागू होत नाही. 1952 च्या कायद्याप्रमाणे स्थलांतरिताला वकील देता येतो, पण सरकारच्या खजिन्यावर त्याचा भार पडता कामा नये. समोर सरकारचा वाकबगार वकील, वर न्यायखात्याचाच नोकर असलेला न्यायाधीश, आणि अलीकडे एकटा मनुष्य, पुष्कळदा भाषाही न कळणारा, प्रसंगी अल्पवयीन मूलसुद्धा! 2007 ते 2012 या काळातील बारा लाखांहून अधिक प्रकरणांच्या एका अभ्यासात असे आढळले की, त्यांतील शंभरांपैकी अवघ्या 37 जणांना वकील होता, आणि अटकेत असलेल्यांपैकी तर अवघ्या 14 जणांना. संस्थांचे वकील, आणि वकील नसूनही न्यायखात्याची मान्यता मिळविलेले त्यांचे प्रशिक्षित प्रतिनिधी, ही पोकळी यथाशक्ति भरून काढतात.

तथापि खटला उभा राहण्यापूर्वीच पुष्कळसे नुकसान होऊन गेलेले असते. आश्रयाचा अर्ज सामान्यतः देशात पाऊल ठेवल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. तारखेस गैरहजर राहिल्यास माघारी हद्दपारीचा हुकूम होतो. दारात आलेल्या अंमलदाराजवळचे वॉरंट न्यायाधीशाच्या सहीचे नसून केवळ स्थलांतर खात्याचे असेल, तर संमतीवाचून त्याला घरात शिरता येत नाही. या साध्या गोष्टी चर्चच्या सभागृहात किंवा ग्रंथालयात दहा-वीस माणसे जमवून, त्यांच्या भाषेत, कंटाळा न करता पुनःपुन्हा सांगणारा कार्यकर्ता मला वकिलाच्या तोलाचा वाटतो. त्याच्या अभावी भोंदू दलालांचे फावते, आणि त्यांनी मुदतीनंतर किंवा खोटा मजकूर घालून केलेल्या अर्जाने बिघडलेले प्रकरण निष्णात वकिलालाही सावरत नाही.

कायदा मोडणाऱ्याला कायद्याचे साहाय्य कशाला, असे विचारणारे पुष्कळ आहेत. पण तो मोडला की नाही, आणि मोडला असला तरी कायद्यानेच ठेवलेली सवलत त्याला लागू पडते की नाही, हेच तर चौकशीत ठरायचे असते. याहून मला गंभीर वाटतो तो दुसरा आक्षेप: परोपकाराने ही उणीव भरून निघते असे दिसू लागले की राज्यसंस्था आपले कर्तव्य विसरते. तो खराच आहे. 1996 पासून तर संघराज्याच्या पैशावर चालणाऱ्या कायदा-साहाय्य संस्थांना, परवान्यावाचून राहणाऱ्या बहुसंख्य स्थलांतरितांचे वकीलपत्र घेण्याचीच मनाई आहे. म्हणूनच 2013 साली न्यूयॉर्क शहराने अटकेतील निर्धन स्थलांतरितांसाठी संस्थांच्या वकिलांचा खर्च सार्वजनिक निधीतून देण्यास आरंभ केला, तो मार्ग मला योग्य दिसतो. पैसा सर्वांचा आणि वकिलाची निष्ठा केवळ अशिलाशी, अशी ती व्यवस्था आहे. संघराज्याने ती निदान एकट्या येणाऱ्या मुलांपुरती तरी कायद्याने बंधनकारक करावी. ज्याला आपले वयही नीट सांगता येत नाही त्याने आपली कैफियत स्वतः मांडावी, ही अपेक्षा कोणत्याही न्यायासनाला शोभत नाही.