प्रयोगशाळेतल्या माणसाचा मृत्युलेख

नायजेरियात माणूस गेला की त्याच्यावर भरपूर लिहिलं जातं. वर्तमानपत्रात पानभर रंगीत निधनवार्ता येते, रस्त्याकडेच्या भिंतींवर फोटोसह पत्रकं लागतात. दक्षिणेकडच्या ख्रिस्ती घरांत अंत्यविधीआधी एक संध्याकाळ प्रार्थनागीतांची असते आणि येणाऱ्याच्या हाती गुळगुळीत कागदावर छापलेली पुस्तिका दिली जाते. तिच्यात दिवंगताचं चरित्र असतं, मुलांची, भावंडांची, चर्चची, कचेरीतल्या सोबत्यांची मनोगतं असतात. मुस्लिम घरांत दफन बहुधा त्याच दिवशी होतं, पण आठवणी सांगणाऱ्यांची तिथेही कमी नसते.

आता हा माणूस विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत उभी हयात काढलेला तंत्रज्ञ आहे असं धरा. सगळ्यांचा लाडका. योरुबा भागात विद्यार्थी त्याला ‘बाबा’ म्हणत असतील, आपल्याकडे कॉलेजच्या लॅबमध्ये ‘काका’ म्हणतात तसं. त्याच्याबद्दल काय लिहिलं जाईल ते आधीच सांगता येतं: हसतमुख, नम्र, देवभीरू, कुणाला कधी ‘नाही’ म्हणाला नाही, परगावच्या पोरांचा बाप. यातलं काही खोटं नसेलही. पण ही सगळी मनोगतं वाचूनही हा माणूस प्रयोगशाळेत होता की पोस्टात, हे कळणार नाही. प्राध्यापकाच्या मृत्युलेखात त्याचं काम येतं, तंत्रज्ञाच्या मृत्युलेखात फक्त त्याचा स्वभाव येतो. माझी तक्रार या वाटणीबद्दल आहे. माणूस चांगला होता एवढंच म्हणून थांबणं, ही त्याचं काम न पाहण्याची सभ्य रीत आहे.

काम काय होतं ते नायजेरियाच्या संदर्भातच पाहायला हवं. 1970 च्या दशकात तेलाचा पैसा आला तेव्हा इबादान, इफे, झारिया, न्सुक्का इथल्या विद्यापीठांत परदेशी बनावटीची उपकरणं आली. 1986 मध्ये लष्करी राजवटीनं ‘स्ट्रक्चरल ॲडजस्टमेंट’ हा आर्थिक फेररचनेचा कार्यक्रम स्वीकारला, नायरा हे तिथलं चलन कोसळलं आणि ज्या यंत्राचा सुटा भाग डॉलरमध्ये मागवायचा ते यंत्र बंद पडलं की बंदच राहू लागलं. अध्यापकांची रांग ब्रिटन, अमेरिका, सौदीकडे लागली. तंत्रज्ञाला असा बाहेरचा दरवाजा क्वचितच उघडा होता. तो राहिला, आणि एका बंद यंत्राचे भाग काढून दुसरं चालवू लागला.

त्यातच वीज. तिकडच्या वीजमंडळाचं नाव ‘नेपा’. मंडळ 2005 मध्ये मोडीत निघालं, कारभार पुढे खासगी कंपन्यांकडे गेला, तरी दिवे आले की गल्लीतून आरोळी उठते ती ‘अप नेपा!’ अशीच. घरात वीज जाणं म्हणजे उकाडा, प्रयोगशाळेत वीज जाणं म्हणजे कुणाचं तरी वर्ष वाया जाणं. उणे ऐंशी अंशाला ठेवलेले रक्ताचे नमुने, रोगजंतूंचे साठे, विकरं यांना कपात सोसत नाही. जनरेटर कधी लावायचा, डिझेल पुरणार नसेल तर कुठला फ्रीजर आधी जगवायचा, कुणाचे नमुने कुणाच्या कप्प्यात हलवायचे, हे निर्णय रात्री-अपरात्री घेणारा माणूस बहुतेक वेळा प्राध्यापक नसतो. हा निर्णय साधा नाही. कुठल्या कुपीत काय आहे, ते पुन्हा मिळवता येईल की नाही, याची जाण त्याला लागते. म्हणजे संशोधनातलं महत्त्वाचं काय आणि दुय्यम काय, हे त्याला कळावं लागतं. याला आपण ‘देखभाल’ म्हणून मोकळे होतो.

वर्गाचंही तेच. मोजकी सूक्ष्मदर्शकं, आणि पहिल्या वर्षाला शेकड्यांनी मुलं. छेदनासाठी लागणारे भेक वेळेवर आणून, भूल देऊन तयार ठेवायचे. द्रावणाची तीव्रता चुकली तर सगळ्या वर्गाचे निष्कर्ष चुकतात, आणि चूक कुठे झाली हे मास्तरांच्या आधी त्याच्या लक्षात येतं. हात कसा स्थिर ठेवायचा हे पुस्तकातून शिकता येत नाही, ते त्याच्या शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं. आज जगभर पसरलेल्या कितीतरी नायजेरियन वैज्ञानिकांनी पहिलं पिपेट अशाच कुणाच्या नजरेखाली धरलं असणार.

विज्ञानाची ही विस्मृती नायजेरियापुरती नाही. पण तिथलं एक उदाहरण पुण्याच्या वाचकाला जवळचं वाटेल. रॉकफेलर फाउंडेशननं विषाणूंच्या शोधासाठी जगभर प्रयोगशाळांची साखळी उभारली होती. 1952 मध्ये सुरू झालेलं पुण्याचं विषाणू संशोधन केंद्र, आजची ‘एनआयव्ही’, तिच्यातलं. इबादान विद्यापीठातली विषाणू प्रयोगशाळाही तिच्यातलीच. 1964 मध्ये इबादानला गुरांवरच्या गोचिडांतून एक विषाणू मिळाला, त्याचं नाव ‘डुग्बे’. 1968 मध्ये चिचुंद्र्यांतून रेबीजचा एक भाऊबंद मिळाला, त्याचं नाव ‘मोकोला’. डुग्बे आणि मोकोला ही इबादानमधल्या वस्त्यांची नावं. शहरातल्या पेठा विज्ञानाच्या ग्रंथांत कायमच्या गेल्या. गोचिडं वेचणारे, सापळे लावणारे, उंदरांच्या पिल्लांना टोचून रोज पिंजरे तपासणारे हात मात्र त्या नावांत कुठेच नाहीत.

लासा तापाची कथाही अशीच सांगितली जाते. 1969 मध्ये ईशान्य नायजेरियातल्या लासा गावची एक मिशनरी परिचारिका जोसच्या रुग्णालयात दगावली. नमुने अमेरिकेत येल विद्यापीठात पोचले. तिथं विषाणू हाताळणारे जॉर्डी कॅसल्स स्वतः मरणाच्या दारात गेले आणि या रोगातून बऱ्या झालेल्या एका परिचारिकेच्या रक्तद्रवानं वाचले. हा भाग सगळे रंगवून सांगतात, आणि तो आहेही थरारक. त्याच वर्षाअखेर त्याच संस्थेतला तंत्रज्ञ हुआन रोमान या तापानं मेला. तो लासाच्या कामावर नेमलेलाही नव्हता. या मृत्यूनंतर येलनं जिवंत विषाणूवरचं काम थांबवलं. बहुतेक कथनांत त्याच्या वाट्याला एखादं वाक्य येतं.

मग उपाय काय, या लोकांना नायक करायचं? इथे जपून पावलं टाकायला हवीत. 2005 च्या मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेत हॅमिल्टन नाकी वारले. केपटाउन विद्यापीठात माळी म्हणून लागलेला हा माणूस प्रयोगशाळेत प्राण्यांना भूल देता देता त्यांच्यावरच्या अवयवरोपणात तरबेज झाला आणि शिकाऊ शल्यविशारदांना ते तंत्र शिकवू लागला. औपचारिक वैद्यकीय शिक्षण शून्य. वर्णभेदी राजवटीतली ही गोष्ट. पण ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘इकॉनॉमिस्ट’ यांच्या मृत्युलेखांत छापून आलं की 1967 मध्ये ख्रिस्तियन बर्नार्ड यांनी केलेल्या पहिल्या मानवी हृदयरोपणात दात्याचं हृदय नाकींनी काढलं होतं. ते खरं नव्हतं, नाकी त्या शस्त्रक्रियेत नव्हतेच. दोन्ही नियतकालिकांना दुरुस्ती छापावी लागली.

या चुकीचं खापर बहुतेकांनी वर्णभेदाच्या गुप्ततेवर आणि भाबडेपणावर फोडलं. मला त्यात आणखी काही दिसतं. प्राण्यांवर यकृतरोपण करणारा आणि पुढच्या पिढीचे शल्यविशारद घडवणारा माणूस आपल्याला पुरेसा मोठा वाटला नाही, म्हणून बर्नार्डच्या टेबलाशी नेऊन उभा करावा लागला. कर्तृत्व मोजायची फूटपट्टी प्राध्यापकाचीच राहिली. ‘हसतमुख आणि नम्र’ म्हणणारा आणि ‘खरा नायक हाच’ म्हणणारा, दोघेही तंत्रज्ञाच्या रोजच्या कामाकडे सारखीच पाठ फिरवतात. प्रसिद्धीपेक्षा अचूक नोंद अधिक आदराची आहे: कुठलं यंत्र किती वर्षं चालवलं, कुठली पद्धत बसवली, कुणाच्या प्रबंधातला कुठला भाग त्याच्या हातचा.

अशी नोंद मरणानंतर करता येत नाही, कारण ती फक्त त्यालाच ठाऊक असते. नायजेरियात 2012 च्या कायद्यानं प्राध्यापकांचं निवृत्तीचं वय 70 केलं, अशैक्षणिक कर्मचाऱ्यांचं 65. म्हणजे विभागाला पुरेशी आधीपासून तारीख माहीत असते. विद्यापीठांनी निवृत्तीआधी त्यांना बसवून सगळं लिहून घ्यावं, असं म्हणणं सोपं आहे.

पण तंत्रज्ञाच्या बाजूनं पाहिलं तर यात एक मेख आहे. तिथल्या तंत्रज्ञांची ‘नाट’ ही स्वतंत्र संघटना आहे. 2022 मध्ये प्राध्यापकांच्या संपानं विद्यापीठं आठ महिने बंद होती, तेव्हा हे लोकही आपल्या भत्त्यांसाठी संपावर उतरले होते. ज्याला पगाराच्या उतरंडीत खाली ठेवलंय, त्याच्याकडे वाटाघाटीला एकच गोष्ट असते: त्याच्यावाचून यंत्र चालत नाही. ती वहीत उतरवून द्या, असं प्रेमानं सांगणं म्हणजे त्याच्याकडचं शेवटचं काढून घेणंही ठरू शकतं. तेव्हा त्यानं हात आखडता घेतला तर त्याला दोष देता येणार नाही. ज्या विभागाला ती वही हवी आहे त्यानं आधी तिच्यावर लेखक म्हणून त्याचं नाव घालावं, त्या तासांचे पैसे द्यावेत, आणि शोधनिबंधांच्या शेवटच्या आभाराच्या ओळीतून ते नाव उचलून वर, बाकीच्यांच्या रांगेत आणावं.