एकान्त आणि एकाकीपण

एकान्त हा मनाचा सोबती कीं वैरी, हा प्रश्न स्वस्थतेच्या काळीं केवळ वादाचा वाटतो. काळच अस्थिर झाला म्हणजे त्याचें उत्तर आचरणानें द्यावें लागतें. १८५३ सालीं आगगाडी ठाण्यास आली, १८५४ सालीं कल्याणास पोंचली, आणि तेव्हांपासून या टापूंतील आयुष्य हळूहळू तिच्या वेळापत्रकाशीं बांधलें गेलें. २०२० च्या मार्चांत लोकल थांबली. सर्व प्रवाशांस ती पुन्हां खुली होण्यास २०२१ साल उजाडलें. ज्या डोंबिवलीकरास डब्यांत पाऊल ठेवण्यास जागा मिळत नसे, त्याच्यापुढें रिकामे दिवस येऊन उभे राहिले.

ज्या गर्दीला आम्ही जन्मभर दूषणें दिलीं, तिचीच आतां आठवण होऊं लागली. चौथ्या सीटवर कोणी सरकून दिलेली वीतभर जागा, डब्यांतील भजन, नांवही ठाऊक नसलेल्या माणसाचें रोजचें ‘काय, आज उशीर?’ — हीही सोबतच होती, हें ती गेल्यावर कळलें.

तथापि पहिले कांहीं दिवस आम्ही पुस्तकांच्या कपाटाशेजारीं बसून एकान्ताची थोरवी गात होतों. आमच्याच इमारतींत खालीं एक वृद्ध गृहस्थ एकटे राहत. त्यांचा रेडिओ दिवसभर ऐकूं येई, आणि ते मजेंत आहेत असें आम्ही समजत असूं. पुढें भेट झाली तेव्हां ते म्हणाले, “घरांत माणसाचा आवाज असावा, म्हणून लावीत होतों.” या उत्तरानें आम्ही खजील झालों.

एकान्ताच्या खोलीचें दार आंतून लावलेलें असतें. एकाकीपणाच्या खोलीस बाहेरून कडी असते. मग कठोर एकटेपण फलद्रूप होतच नाहीं काय? होतें. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, पतीस मागें ठेवून अमेरिकेस गेल्या, आणि १८८६ सालीं त्यांनीं वैद्यकाची पदवी मिळविली. त्यांचें एकटेपण कांहीं थोडें कठोर नव्हतें. पण तें त्यांनीं एका कार्यासाठीं पत्करलें होतें. पत्करलेलें दुःख माणसाला वाढवितें, हें खरें. परंतु पत्करण्याचा अधिकार ज्याचा त्यालाच असतो.

म्हणून स्वतःच्या वांट्यास आलेल्या एकटेपणाची साधना अवश्य करावी. दुसऱ्याच्या एकटेपणास मात्र तपश्चर्या म्हणून मोकळें होऊं नये. आपलें वाचन खुशाल चालूं द्यावें, पण दिवसांतून एकदां खालच्या मजल्यावर उतरून दार वाजवावें. आम्हांस हें उशिरां सुचलें.