प्रकल्प झाला नसता तर

कार्बन क्रेडिटच्या कागदपत्रांत मला सगळ्यांत रंजक वाटतो तो 'बी-पाच' हा विभाग. क्योटो कराराच्या बाराव्या कलमाने एक सोय केली होती. भारतासारख्या देशातल्या प्रकल्पाने वाचवलेला कार्बन युरोप-जपानने विकत घ्यायचा आणि आपल्या हिशेबात जमा धरायचा. त्यासाठी प्रत्येक प्रकल्पाला एक दस्तऐवज सादर करावा लागे. त्याचं नाव प्रोजेक्ट डिझाइन डॉक्युमेंट, व्यवहारात पीडीडी. साचा ठरलेला होता. ए भागात प्रकल्पाचं वर्णन, बी भागात बेसलाइन आणि मोजणीची पद्धत, सी भागात मुदत, डी भागात पर्यावरणावरचे परिणाम आणि ई भागात स्थानिक लोकांचं म्हणणं. यातल्या बी-पाचमध्ये एका न घडलेल्या जगाचं वर्णन करायचं असे. हा प्रकल्प झाला नसता तर काय झालं असतं? किती कोळसा जळला असता, किती वायू हवेत गेला असता? त्या काल्पनिक जगातून खरं जग वजा करायचं. उरेल तो पर्यावरणीय फायदा.

हे न घडलेलं जग लिहायचं कोणी? प्रकल्पाच्या मालकाने, किंवा त्याने पैसे देऊन नेमलेल्या सल्लागाराने. ते तपासायला संस्था होत्या, त्यांच्यावर बॉन शहरातलं कार्यकारी मंडळ होतं, मोजणीच्या पद्धती शेकडो पानांच्या होत्या. पण तपासणारी संस्थाही प्रकल्पवालाच निवडे आणि तिचं बिलही तोच भरे. गिऱ्हाइकाला क्रेडिट जास्त हवीत, विकणाऱ्यालाही जास्तच हवीत. आकडा फुगवून सांगितला म्हणून भांडणारं या सौद्यात कोणी नव्हतंच. माझा सगळा आक्षेप इथूनच सुरू होतो. बाकीच्या त्रुटी दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

हा दोष किती महाग पडतो ते एचएफसी-२३ या वायूने दाखवलं. एसी आणि शीतकरण यंत्रांत लागणारा एचसीएफसी-२२ बनवताना एचएफसी-२३ फुकटात तयार होतो. त्याला गिऱ्हाईक जवळजवळ नाही, म्हणून तो हवेत सोडून देत. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० टनांइतका तापदायक धरला गेला होता. म्हणजे भट्टीत एक टन वायू जाळला की ११,७०० क्रेडिट खात्यावर जमा. आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये, पंचमहाल जिल्ह्यातल्या रणजितनगरला असा एक कारखाना होता. २००५ साली नोंदवलेला त्याचा प्रकल्प भारतातल्या पहिल्या काही प्रकल्पांपैकी. वर्षाला सुमारे ३० लाख टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन वाचेल असं त्याच्या दस्तऐवजात म्हटलं होतं. आकडा खोटा नव्हता. वायू खरोखर जळत होता.

गोम वेगळीच होती. २००७ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत मायकेल वारा यांनी जगभरच्या अशा प्रकल्पांचा हिशेब मांडला. हा वायू जाळायला एकूण खर्च १० कोटी युरोंपेक्षा कमी आणि त्याबद्दल मिळणाऱ्या क्रेडिटची किंमत सुमारे ४७० कोटी युरो. मुख्य मालापेक्षा टाकाऊ वायू जास्त कमावून देऊ लागला की कारखानदार काय करील हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. २०१० मध्ये काही संघटनांनी आकडेवारी पुढे आणली. जगातल्या काही कारखान्यांत क्रेडिट मिळत असे तेव्हा टाकाऊ वायू भरपूर निघे, न मिळे तेव्हा तो कमी होई. युरोपीय संघाने २०१३ मध्ये या क्रेडिटना आपल्या बाजारात मज्जाव केला. आणि १३ ऑक्टोबर २०१६ रोजी, एचएफसी वायूंबद्दलच्या किगालीतल्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटी चालू असताना, भारत सरकारने देशातल्या पाचही उत्पादकांना हा वायू स्वतःच्या खर्चाने जाळायला सांगितलं. एक आदेश, तोही बिनपैशाचा. 'प्रकल्प झाला नसता तर' हा वायू हवेतच गेला असता असं ज्या दस्तऐवजांत लिहिलं होतं, त्यांत एक शक्यता कधीच विचारात घेतलेली नव्हती. ती म्हणजे सरकार साधा नियम करील. उलट, नियम झाला असता तर क्रेडिट बंद झाली असती. मग नियम करण्याची घाई कोणाला असणार?

आपल्याकडच्या पवनचक्क्यांची गोष्ट इतकी भडक नाही, म्हणून जास्त विचार करायला लावणारी आहे. साताऱ्यात पाटण तालुक्यातलं वनकुसवड्याचं पठार, सांगलीतलं ढालगाव, धुळ्यातलं ब्राह्मणवेल. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून तिथे पाती फिरू लागली. त्यांत पैसा घालणाऱ्या कितीतरी कंपन्यांचा वीजधंद्याशी संबंध नव्हता. त्यांना ओढणारी गोष्ट होती घसारा. गुंतवणुकीच्या ८० टक्के रक्कम पहिल्याच वर्षी खर्ची टाकून आयकर वाचवता येई. राज्याच्या सवलती वेगळ्या. चार्टर्ड अकाउंटंटच्या केबिनमध्ये पवनचक्की हा कर वाचवण्याचा उत्तम मार्ग होता. त्याच पवनचक्कीच्या पीडीडीत मात्र लिहिलेलं असे की हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या आतबट्ट्याचा आहे, परताव्याचा दर अपेक्षेपेक्षा कमी पडतो, क्रेडिटचे पैसे आले तरच तो उभा राहील. बँकेकडे कर्ज मागताना हाच प्रकल्प फायद्याचा असे. दोन कागद, दोन जगं, सही एकाच माणसाची.

भारतातल्या पवन प्रकल्पांचा चार अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २०२१ साली पुढे आला. क्रेडिट न घेता उभ्या राहिलेल्या पवनचक्क्यांपेक्षाही ज्यांची नफ्याची बाजू भक्कम होती, तरीही ज्यांनी क्रेडिट घेतली, असे प्रकल्प त्यांनी शोधून काढले. त्यांचा निष्कर्ष असा की मंजूर झालेल्या क्रेडिटपैकी निदान ५२ टक्के क्रेडिट नाहीतरी उभे राहिलेच असते अशा प्रकल्पांना गेली. वीज खरी, वारा खरा, पण करारात लिहिलेला फायदा अर्ध्याहून जास्त हवेतला. त्या क्रेडिटच्या जोरावर युरोपातल्या कुठल्या तरी धुराड्याने जादा धूर सोडला, म्हणजे हिशेब शून्यही उरला नाही, उणे झाला.

याच पीडीडींतला डी भाग आवर्जून वाचावा. पर्यावरणासाठी केलेल्या दस्तऐवजात पर्यावरणाचं प्रकरण बहुधा सगळ्यांत लहान. पवनचक्क्यांच्या बाबतीत त्यात साधारण एवढंच असे की २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत पवनऊर्जेचा समावेश नाही, त्यामुळे अभ्यासाची गरज नाही. पठारावरचं गवत, तिथली गुरं, वर चढणाऱ्या रस्त्यांनी कापलेले उतार यांचा प्रश्नच मिटला. ई भागात गावच्या सभेचा वृत्तांत. नोकऱ्या मिळतील का, आवाज होईल का, असे प्रश्न आणि समाधानकारक उत्तरं. विरोधाची नोंद आढळली तर वाचणारा दचकावा इतकी ती विरळ.

हे कार्बन क्रेडिटपुरतंच नाही. विकासाच्या कर्जकरारांत फायदा आणि तोटा यांचे काळसुद्धा वेगळे असतात. फायदा ठाम भविष्यकाळात, आकड्यांसह येतो. तोट्याचा 'यथावकाश अभ्यास' होणार असतो. सरदार सरोवराला जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज करारबद्ध केलं तेव्हा किती हेक्टर भिजेल, किती मेगावॅट मिळेल हे ठरलेलं होतं. पर्यावरणीय मंजुरी आली १९८७ च्या जूनमध्ये, आणि तीही अशा अटीवर की पाणलोट क्षेत्र, वनसंपदा, आरोग्य यांचे राहिलेले अभ्यास बांधकामाच्या बरोबरीने पुरे करावेत. भिंत चढत राहिली, अभ्यास मागे पडत राहिले. बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये हे सगळं लिहून ठेवलं, आणि मार्च १९९३ मध्ये भारताने कर्जाचा उरलेला भाग नको म्हणून कळवलं. अक्कलकुवा-अक्राणीतली मणिबेलीसारखी ३३ गावं बुडिताच्या यादीत होती. त्यांच्या जंगलाची किंमत करारावर सही झाली तेव्हा कोणी काढलेली नव्हती.

आता करार बरेच सुधारले आहेत हे कबूल करायला हवं. २०१८ मध्ये जागतिक बँकेने 'पोकरा'साठी, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी, ४२ कोटी डॉलर दिले. विदर्भ-मराठवाड्यातले जिल्हे आणि जळगाव धरून पंधरा जिल्हे, पाच हजारांवर गावं, खारपाणपट्ट्यासाठी वेगळा विचार. हवामानबदलाला तोंड देण्याची लहान शेतकऱ्याची ताकद वाढवणं हे उद्दिष्टच होतं. पण अशा कोणत्याही कर्जव्यवहारात एक गोष्ट बघावी. कुठला मजकूर कुठल्या कागदात आहे? परतफेडीच्या तारखा आणि हप्ते कर्जकराराच्या परिशिष्टात असतात, त्यांत कसूर झाली तर काय होईल हेही तिथेच. पर्यावरणाला होणारा फायदा करारात एखाद्या वाक्याच्या उद्दिष्टात येतो आणि त्याचे आकडे मूल्यांकन अहवालाच्या निष्पत्ती-तक्त्यात जातात. तक्त्यातलं लक्ष्य हुकलं तर शेरा बदलतो, 'समाधानकारक'चं 'माफक समाधानकारक' होतं. हप्ता हुकला तर कर्ज थांबतं. पाऊस कराराने बांधता येत नाही हे खरं. पण मग जे बांधलेलं नाही त्याला करारातला फायदा म्हणू नये, फार तर सदिच्छा म्हणावी.

'प्रकल्प झाला नसता तर' या पद्धतीचा सगळ्यांत मोठा अन्याय मला कोकणात आणि सह्याद्रीत दिसतो. ज्याने घाण केली त्याला ती थांबवल्याबद्दल पैसे. ज्याने कधी केलीच नाही त्याच्याकडे विकायला काही नाही. देवराईचं उदाहरण घ्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून त्यांचं मोल शास्त्रालाही ठाऊक आहे. पण कार्बनच्या बाजारात गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या देवराईचं मोल शून्य, कारण ती तुटण्याचा धोका नाही. क्रेडिट हवं असेल तर आधी कुऱ्हाड दाखवावी लागेल. जंगलतोड टाळल्याबद्दलच्या क्रेडिटचं जगभर नेमकं हेच झालं. धोका फुगवून लिहिण्यात आला. २०२३ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासाने असे अठरा प्रकल्प तपासले. त्यांच्याकडून अपेक्षित क्रेडिटपैकी जेमतेम ६ टक्क्यांमागे खरोखर वाचलेलं जंगल सापडलं.

संगमेश्वर तालुक्यात वेगळा प्रयोग झाला. तिथलं बरंचसं जंगल खाजगी मालकीचं. पैशाची नड आली की मालक ते लाकूडतोडीच्या ठेकेदाराला देतो, हा जुना रिवाज. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने अशा मालकांशी संवर्धन करार केले. ठराविक मुदतीत तोड करायची नाही आणि त्याचा मोबदला घ्यायचा. याच संस्थेने भीमाशंकरच्या परिसरात हिरडा-बेहड्याच्या फळांचा व्यापार फेअरवाइल्ड या प्रमाणपत्राशी जोडून दिला. जुनाट बेहड्याच्या ढोलीत धनेश घरटं करतो, त्यामुळे झाड उभं ठेवण्यात पक्ष्याचाही फायदा आणि फळं गोळा करणाऱ्याचाही. अशा करारात फायदा टनांत मांडावा लागत नाही. अमुक जागेतलं जंगल उभं आहे की नाही, हे मुदत संपायच्या आधी गावातला कोणीही जाऊन बघू शकतो. बी-पाचची गरजच पडत नाही. याचा आवाका लहान आहे, त्याने पृथ्वीचं तापमान आटोक्यात येणार नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण मोठ्या आवाक्याच्या करारांनी काय आटोक्यात आणलं ते वर आलंच आहे.

हा विषय शिळा म्हणून सोडून देता येत नाही, कारण बाजार पुन्हा भरतो आहे. केंद्राने २०२३ मध्ये देशांतर्गत कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जपानबरोबर संयुक्त क्रेडिट यंत्रणेचा करार झाला. पॅरिस कराराच्या सहाव्या कलमाने एक जुनी पळवाट बुजवली आहे. परदेशाला विकलेली क्रेडिट विकणाऱ्या देशाने आपल्या हिशेबातून वळती करायची, एकच टन दोघांनी मोजायचा नाही. त्यामुळे आता फुगवलेला आकडा विकणं सरकारलाच महागात पडू शकतं. या सौद्यात निदान एक बाजू भांडायला लागली, ही नव्या व्यवस्थेतली मला दिसलेली सगळ्यांत भरवशाची गोष्ट आहे.

मात्र हे भांडण दिल्लीत होईल. बांधावर बांबू, फळझाडं, कमी नांगरट यांसाठी कंपन्या शेतकऱ्यांशी थेट करार करू लागल्या आहेत आणि त्यांची मुदत वीस वर्षांच्याही पुढे जाऊ शकते. एवढ्या काळात सातबाऱ्यावरची नावं बदलतील, वाटण्या होतील, एखाद्या लग्नासाठी किंवा शिक्षणासाठी जमीन विकावी लागेल. म्हणून सही करण्यापूर्वी शेतकऱ्याने किंवा त्याच्या उत्पादक कंपनीने करारातल्या तीन ओळी शोधाव्यात. बेसलाइन कोणी लिहिली आणि ती आपल्याला मराठीत मिळेल का? झाड वणव्यात किंवा दुष्काळात गेलं तर विकलेल्या टनाची भरपाई कोणाच्या अंगावर? आणि जमीन विकली तर करार नव्या मालकाला बांधतो की जुन्याच्या मागे लागतो? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर करारात सहज सापडलं नाही तर ती जबाबदारी आपल्यावर नाही असं समजून चालू नये. ती बहुधा मागच्या कुठल्यातरी पानावरच्या 'इतर अटीं'त असते, आणि तेवढं पान वकिलाकडून वाचून घेण्याची फी त्या भरपाईपेक्षा कमीच पडेल.