नकलेचे ऋण

विनोद कोणास आवडत नाही? परंतु कोणावर हसावे, किती हसावे आणि कोठे थांबावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. तो आमच्यासमोर एका लहानशा प्रसंगाने उभा राहिला. प्रसंग घरगुती आहे. तथापि त्यातून निघालेला विचार सर्वांच्याच उपयोगी पडेल असे वाटल्यावरून तो येथे मांडीत आहोत.

वडोदरा शहराच्या दक्षिण भागात मांजलपूर ही वस्ती आहे. तेथील मराठी कुटुंबे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती बोलतात, व गणेशोत्सवात एकत्र जमतात. अशाच एका उत्सवात, आरतीनंतरच्या करमणुकीच्या कार्यक्रमात, चौदा वर्षांच्या एका मुलाने नकला केल्या. प्रथम त्याने ध्वनिक्षेपकावरून सूचना देणाऱ्या एका ज्येष्ठ गृहस्थांची नक्कल केली. ते स्वतःच पोट धरून हसले. मग त्याने शाळेतल्या मास्तरांची केली, आपल्या वडिलांची केली. सभामंडप हसून हसून दमला. त्या भरात त्याने एका वृद्ध बाईंच्या लंगडण्याची नक्कल केली. पुन्हा हशा उसळला. त्या बाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला, शेजारणीला काही सांगितले आणि प्रसाद न घेताच त्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी वडीलधाऱ्यांची बैठक झाली. नकलांचा कार्यक्रम कायमचा बंद करावा, असे काहींचे मत पडले. मुलास बोलावून विचारले, तेव्हा त्याने खाली मान घालून, परंतु स्पष्टपणे उत्तर दिले, "मोबाईलवर सगळेच असं करतात. कोट्यवधी लोक बघतात. पुढे त्यांचे सिनेमेही निघतात. मग मी काय वेगळं केलं?" त्या मुलाला त्या बैठकीत कोणीही नीट उत्तर देऊ शकले नाही, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो. आम्हीही त्या बैठकीत होतो.

मुलाचे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होते. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात कोलंबस नावाचे एक गाव आहे. तेथील लुकास क्रूकशँक या मुलाने फ्रेड फिगलहॉर्न नावाचे एक सोंग निर्माण केले. फ्रेड सहा वर्षांचा. कर्कश किरट्या आवाजात कॅमेऱ्याशी एकटाच बडबडणारा व क्षणोक्षणी संतापणारा. आवाज तसा यावा म्हणून चित्रफितीची गती वाढविलेली असे. 2009 सालच्या एप्रिलमध्ये यूट्यूबवर दहा लक्ष वर्गणीदार मिळविणारी पहिली वाहिनी ही या फ्रेडची. पुढे 2010 सालच्या 18 सप्टेंबरला निकलोडियन या दूरचित्रवाहिनीवर 'फ्रेड : द मूव्ही' हा कुमारवयीनांसाठी केलेला विनोदी चित्रपट दाखविण्यात आला, आणि त्यामागून आणखी दोन चित्रपट निघाले.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. भुवन बाम हा तरुण मराठी कुटुंबातला. त्याचा जन्म 1994 साली याच वडोदऱ्यात झाला व तो दिल्लीत वाढला. 2015 सालापासून त्याने 'बीबी की वाइन्स' या नावाने लहान लहान चित्रफिती प्रसिद्ध केल्या. त्यांत मुलगा तोच, आई तोच, वडील तोच, मित्र तोच आणि टीटू मामाही तोच. 2021 सालच्या ऑक्टोबरात याच पात्रांची 'ढिंढोरा' ही आठ भागांची चित्रमालिका आली आणि एकाच नटाने त्यांतली बहुतेक प्रमुख सोंगे वठविली.

हे सारे परक्यांचे फॅड आहे असे म्हणून आपणांस हात झटकता येतील काय? आम्हांस तसे वाटत नाही. एकाच माणसाने अनेक सोंगे घ्यावीत, ही आपली फार जुनी रीत आहे. एकनाथांनी भारुडांतून जोशी, वासुदेव, गोंधळी अशी नाना सोंगे लोकांपुढे आणली. बहुरूपी दारोदार हिंडला. कोकणात व गोमंतकात देवळाच्या जत्रेत दशावतारी काला होतो. त्यात काळा वेष केलेला संकासुर सभोवारच्या मंडळींची यथेच्छ थट्टा करतो, आणि ती देवाच्या अंगणातच होते.

आणि वडोदऱ्याच्या मराठी माणसाने तर चिमणरावांस विसरता कामा नये. चिं. वि. जोशी (1892–1963) बडोद्याच्या महाविद्यालयात पाली भाषा शिकवीत असत. बौद्ध वाङ्मयाचा हा गाढा पंडित फावल्या वेळी चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांच्या फजितीच्या कथा लिही. त्या प्रथम वाचकांच्या घरोघरी पोहोचल्या. मग 1940 साली मास्टर विनायकांनी 'लग्न पहावं करून' या चित्रपटात ती जोडी पडद्यावर आणली आणि 1942 साली 'सरकारी पाहुणे' काढला. दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले व विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी चिमणराव उभा केला. लोकांच्या घरात आधी रुळलेले विनोदी पात्र मागाहून चित्रपटात जावे, ही गोष्ट बडोद्यास मुळीच नवी नाही.

तर मग बिघडले कोठे? येथे शास्त्राकडे वळावेसे वाटते. भरतमुनींनी आठ रसांत हास्यास मानाचे स्थान दिले आहे, एवढेच नव्हे तर त्याचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा भेद सांगितले आहेत. परंतु त्याच नाट्यशास्त्राच्या अखेरच्या भागात एक कथा येते, तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. भरताच्या शंभर पुत्रांस आपल्या विद्येचा मद चढला. त्यांनी ऋषींची टवाळी करणारे एक ग्राम्य प्रहसन रचून ते भर सभेत करून दाखविले. ऋषी क्षुब्ध झाले आणि त्यांनी त्या पुत्रांस शाप दिला. पुत्र इतके खचले की प्राण द्यावयास निघाले. तेव्हा भरताने त्यांचे सांत्वन केले आणि नाट्य नष्ट होऊ देऊ नका, असे बजावले. तेच पुत्र पुढे पृथ्वीवर आले आणि त्यांच्याबरोबर ही कला मनुष्यांस लाभली.

या कथेत दोन्ही पक्षांस बोध आहे. मुलांनी मदाने थट्टा केली, ती चुकली. परंतु पित्याने मुलांच्या चुकीसाठी कला बुडवू दिली नाही. आमच्या बैठकीत नकला बंद करा म्हणणाऱ्यांस ऋषींचा राग आठवला, भरताचे वात्सल्य आठवले नाही.

ऋषींस राग आला तो विनोदाचा नव्हे. मदाचा आला, असे आम्ही समजतो. मद म्हणजे समोरच्या माणसाचे माणूसपण दृष्टीआड होणे. चिमणरावाच्या कथा आठवा. तेथे सांगणारा चिमणरावच आणि फजिती होते तीही प्रथम त्याचीच. जो स्वतःस हास्याच्या पहिल्या पंक्तीस बसवितो, त्याने पुढे दुसऱ्यांस त्या पंक्तीस बोलाविले तर कोणी रागावत नाही. संकासुराचेही तसेच. तो सर्वांची थट्टा करतो खरा. परंतु अखेर विष्णूच्या हातून मारला जातो तोच. शिवाय तो ज्याची थट्टा करतो तो माणूस त्याच्यासमोर बसलेला असतो. त्याचा चेहरा उतरला तर संकासुरास ते तत्क्षणी दिसते आणि तो शब्द फिरवितो.

मोबाईलवरील विनोदात हेच नाही. तेथे नक्कल करणारा खोलीत एकटा, पाहणारा आपल्या खोलीत एकटा. किती लोकांनी पाहिले हा आकडा त्यास दिसतो. एकही चेहरा दिसत नाही. आकडा कधी उदास होत नाही. आमच्या त्या मुलाने सभामंडपात उभे राहून नक्कल केली, पण तो मनाने आपल्या खोलीतच होता. तिसरी रांग त्यास दिसलीच नाही.

यावर कोणी म्हणेल की, मग ही सारी चित्रफितींची करमणूक त्याज्यच ठरते. तसे आमचे म्हणणे नाही. फ्रेडचेच पाहा. वरवर तो निव्वळ आरडाओरडा आहे, आणि पहिल्या पाच मिनिटांत आमचे डोके दुखले हेही खरे. पण त्या सोंगाखाली काय आहे? आईचे लक्ष नसलेले, बाप घरात नसलेले एक पोर कॅमेऱ्यास आपला सोबती समजून बोलत असते. चित्रपटात तर त्याचा बाप केवळ कल्पनेतला आहे. यावर हसावे की कळवळावे? पाहणाऱ्याने नुसते हसून उठावे किंवा हसता हसता आपल्या आळीतल्या एखाद्या एकट्या पोराची आठवण काढावी. दोन्ही शक्य आहे. ती निवड सोंगाड्याची नाही, आपली आहे.

भुवन बामच्या चित्रफितींतील शिवराळ भाषा आम्हांस रुचली नाही, आणि ती घरातल्या लहानांपुढे असू नये असेच आमचे मत आहे. परंतु एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्याची थट्टा घराभोवती फिरते, आणि घरातली सगळी माणसे तो स्वतः होतो. 2021 साली करोनाच्या साथीत त्याचे आईवडील दोघेही एका महिन्याच्या अंतराने गेले. त्याच वर्षी 'ढिंढोरा' लोकांपुढे आला, आणि त्यात आईचा पदर व वडिलांचा आवाज घेऊन तोच उभा होता. हे समजल्यावर आम्ही ती मालिका पुन्हा पाहिली. तेच विनोद होते, पण आमचे हसणे पहिल्यासारखे राहिले नाही. ज्याची नक्कल करावयाची तो होऊन पाहावे लागते, आणि खरोखर तो होऊन पाहिले तर त्याचे दुःखही थोडे अंगाला लागते. नकलेचे ऋण म्हणतात ते हेच. आपण कोणाची चाल घेतो, कोणाचा आवाज घेतो. ही घेतलेली वस्तू आहे, आपली नव्हे. तिची परतफेड त्या माणसास समजून घेण्याने होते. दुसऱ्या कशानेही होत नाही.

बैठकीत शेवटी नकला बंद झाल्या नाहीत. मुलाने त्या बाईंच्या घरी जाऊन यावे एवढेच ठरले. क्षमा माग, असेही त्यास कोणी सांगितले नाही. तो गेला, आणि तासाभराने परत आला. आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, "आजींनी मला चहा दिला. म्हणाल्या, तुझी नक्कल चुकली. मी उजव्या पायावर भार देते, तू डाव्यावर दिलास." मग थोडे थांबून तो म्हणाला, "त्या मोरीत पडल्या होत्या. दोन दिवस कोणाला कळलं नव्हतं. मला हे ठाऊकच नव्हतं."

वाचकहो, ठाऊक नव्हते हेच त्या मुलाच्या चुकीचे मूळ, आणि ते आमच्याही चुकीचे मूळ आहे. त्या बाई आमच्याच देवळात रोज येत. त्या दोन दिवस आल्या नाहीत हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आले होते? मुलाने निदान त्यांच्या चालण्याकडे पाहिले तरी होते. आम्ही तेवढेही पाहिले नव्हते, आणि त्याच्यावर रागावण्यास मात्र सर्वांआधी जमलो होतो.

म्हणून मुलांच्या हातून मोबाईल हिसकावून घेण्यापूर्वी वडील मंडळींनी त्यांच्या शेजारी बसून ते काय पाहतात ते एकदा पाहावे, आवडले तर मोकळेपणी हसावे, नावडले तर का नावडले ते सांगावे. देवळाच्या सभामंडपात त्यांस नकलेसाठी जागा द्यावी. कारण तेथे तिसरी रांग असते. एकट्याच्या खोलीत जी मर्यादा कोणी शिकवू शकत नाही, ती चारचौघांतला एक उतरलेला चेहरा क्षणात शिकवितो. यंदाही तो मुलगा नकला करणार आहे. त्या बाई पहिल्या रांगेत बसणार आहेत, असे त्यांनी स्वतःच कळविले आहे.