खेळणारा आणि खेळ रचणारा

मुलांनीं किती खेळावें, हा वाद आपल्या घरांत जुना आहे. वर्गांत मुलांकडून खेळ रचून घ्यावा कीं काय, हा प्रश्न मात्र नवा आहे; आणि वरवर पाहतां तो करमणुकीचा दिसला, तरी वस्तुतः तो नीतीचा आहे, असें मला वाटतें.

संगणकानें काय करावें हें त्याला कळेल अशा भाषेंत पायरीपायरीनें लिहून देणें, यालाच आपण 'कोडिंग' म्हणतों. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें सहावी ते आठवीच्या टप्प्यांत त्याला स्थान दिलें, आणि कित्येक पालकांस त्यांत पुढील नोकरीची वाट दिसूं लागली. ही दृष्टि स्वाभाविक आहे, पण अपुरी आहे. अकराव्या वर्षीं शिकलेली संगणकभाषा एकविसाव्या वर्षींहि प्रचारांत असेलच, असें कोण सांगूं शकेल? तेव्हां या विद्येचा मुलाच्या मनावर कोणता संस्कार होतो, हेंच आधीं पाहिलें पाहिजे.

१९६७ सालीं अमेरिकेंत सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन प्रभृतींनीं मुलांकरितां 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. मुलानें यंत्राला शिकवावें, यंत्रानें मुलाकडून घोकून घेऊं नये, असा पॅपर्टचा आग्रह होता. २००७ सालीं मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेंतून निघालेल्या 'स्क्रॅच'मध्यें तर आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत बसविले कीं काम झालें. अशा साधनानें एखादें मूल मांजर-उंदराचा साधा खेळ करतें, असें समजा. मांजरानें उंदराला गांठलें कीं डाव संपला. तोंवर दर सेकंदाला एक गुण. पहिला डाव ठीक होतो. दुसऱ्या डावाला मात्र गुण शून्यापासून न सुरू होतां मागल्या आंकड्यावरून पुढें जातात. यंत्र बिघडलें काय? नाहीं. डावाच्या आरंभीं गुण शून्य करावे, ही आज्ञा लिहावयाची राहिली. यंत्र रागावत नाहीं, तसेंच समजूनहि घेत नाहीं. चुकल्याची लाज नाहीं, आणि चूक दुसऱ्यावर ढकलण्याची सोयहि नाहीं. हा धडा वर्गांत इतक्या सौम्यपणें क्वचितच मिळतो.

याहून मोठा धडा पुढें आहे. मांजराचा वेग फार ठेवला, तर शेजारचा मुलगा प्रत्येक डाव हरतो आणि उठून जातो; फार कमी ठेवला, तर तो कंटाळतो. सारी सत्ता आपल्या हातीं असली, तरी आपला नियम दुसऱ्याला न्याय्य वाटला पाहिजे, हें त्या चिमुकल्या राज्यकर्त्याला तेथें उमगतें. स्वतः घालून घेतलेल्या नियमाचें पालन म्हणजेच स्वातंत्र्य, असें कांटनें मानलें. त्या विचाराची पहिली ओळख याहून सोपी कशी व्हावी?

कोणी म्हणेल, विटीदांडूच्या डावांतहि मुलें नियम करतातच. खरें आहे, आणि मैदानाची जागा यंत्रानें घ्यावी, असें माझें म्हणणें नाहीं. परंतु मैदानावरचा संदिग्ध नियम भांडून निभावून नेतां येतो. येथें तो आधींच निःसंदिग्ध करावा लागतो. मात्र शिक्षकानें साऱ्या आज्ञा फळ्यावर लिहावयाच्या आणि चाळीस मुलांनीं चाळीस सारखींच मांजरें उतरवून घ्यावयाचीं, असें झालें तर तें जुनें पाठांतरच होय. "हा नियम तूं कां ठेवलास?" या प्रश्नाला "सरांनीं सांगितला म्हणून" असें उत्तर आलें, तर तो तास फुकट गेला.

आज कोणाला कर्ज मिळावें, कोणापुढें कोणती बातमी यावी, हें बऱ्याच अंशीं यंत्रांत लिहिलेले नियम ठरवितात. नुसतें खेळत आलेल्या माणसाला ते नियम ऊनपावसासारखे वाटतात. सोसावे, एवढेंच त्याला ठाऊक. परंतु ज्यानें एकदां तरी मांजराचा वेग स्वतः ठरविला, आणि शेजाऱ्याचा चेहरा पाहून तो बदलला, त्याला कळलेलें असतें कीं नियमामागें कोणीतरी माणूस असतो, आणि त्या माणसाला जाब विचारतां येतो.