पंक्तिप्रपंच

पुनरुत्थानकाळातील पाचवा रविवार (वर्ष अ)

पहिले वाचन : प्रेषितांची कृत्ये ६:१-७
दुसरे वाचन : १ पेत्र २:४-९
शुभवर्तमान : योहान १४:१-१२

प्रस्तावना

पंगतीला बसलेल्या माणसांत आपला आणि परका असा भेद करून वाढणे, याला आपल्या मराठीत 'पंक्तिप्रपंच' म्हणतात. आजच्या पहिल्या वाचनात याच पंक्तिप्रपंचाची तक्रार प्रेषितांपुढे आली आहे. येरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्तसभेतसुद्धा वाढण्यावरून कुरबुर झाली होती! हे ऐकून कुणाला धक्का बसेल, तर कुणाला धीर येईल. ज्यांनी मरणातून उठलेला प्रभू डोळ्यांनी पाहिला, त्यांच्याही घरी हा प्रश्न होता. तेव्हा तो आपल्या धर्मग्रामात आहे याची लाज बाळगून तो झाकण्यापेक्षा, त्यांनी तो कसा सोडवला हे आज पाहू या.

मनन चिंतन

ख्रिस्ताठायी माझ्या प्रिय बंधुभगिनींनो,

येरुशलेममध्ये दोन प्रकारचे यहुदी ख्रिस्ती झाले होते. काही मूळचे तिथले, आपली घरची भाषा बोलणारे. काही दूरदेशी वाढलेले, ग्रीक बोलणारे. मंडळी आपले सारे एकत्र करीत होती आणि त्यातून गरीब विधवांना रोजचे अन्न वाटले जात होते. या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवा वगळल्या जात होत्या. मुद्दाम वगळल्या असे पवित्र लेखक म्हणत नाही. बहुधा तसे झालेही नसेल. वाढणाऱ्याला जो चेहरा ओळखीचा, जी भाषा समजते, त्या बाजूला हात आपोआप वळतो. पंक्तिप्रपंच बहुतेक वेळा असाच, कुणाच्या मनात नसताना होतो. म्हणूनच तो करणाऱ्याला दिसत नाही आणि ज्याचे पान रिकामे राहते त्याला मात्र लगेच दिसतो.

आपण तर किनवट तालुक्याची माणसे. आपल्या इस्लापूरच्या बाजारात उभे राहिले की मराठी ऐकू येते, तेलुगू ऐकू येते, गोंडी आणि बंजारा बोली ऐकू येते. देवळात सगळे एका सुरात 'आमेन' म्हणतो. पण बाहेर अंगणात आलो की कोण कुणाशी बोलतो, कोण कुणाशेजारी बसतो, हे आपण एकदा निरखून पाहावे.

एक गोष्ट सांगतो. चूक माझी आहे, म्हणून सांगायला हरकत नाही. मागच्या एका सणाला मिस्सानंतर अंगणात पंगती बसल्या. पहिल्या पंगतीला मला बसवले. आग्रह करून वाढले. मीही जेवलो. शेवटच्या पंगतीला दूरच्या वाडीवरची माणसे होती. त्यांच्या पानावर भात आणि पातळ रस्सा आला. फोडी संपल्या होत्या. जाताना एक मावशी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "फादर, आमच्या लेकरायला फोडी भेटल्या नाहीत." मी हसून म्हटले, "पुढच्या वेळी लवकर या, मावशी." मला वाटले, विषय संपला.

पुढचे तीन रविवार त्या घरचे कुणी दिसले नाही. चौथ्या आठवड्यात मी वाडीवर गेलो. मावशींनी आधी तांब्याभर पाणी पुढे केले, मग बोलल्या, "जेवणाचं काय फादर, घरी बी जेवतो. पण तुम्ही लवकर या म्हणले. त्या दिवशी पहाटे चारपासून हापशावर नंबर लावून होते मी. पाणी भरल्याबिगर घर कसं सोडू?"

माझ्या हातातला तांब्या मला जड झाला. त्याच पाण्यासाठी त्या उशिरा आल्या होत्या, आणि त्यातलेच पाणी त्यांनी मला आधी दिले होते. फोडी न मिळाल्याचे दुःख त्यांनी केव्हाच गिळले होते. मी न विचारता दिलेले उत्तर त्यांना गिळता आले नव्हते.

बंधुभगिनींनो, आता प्रेषितांकडे पाहा. त्यांनी माझ्यासारखे उत्तर दिले नाही. त्यांच्याकडे तक्रार आली तेव्हा त्यांनी तीन गोष्टी केल्या.

पहिली, तक्रार क्षुल्लक मानली नाही. 'आम्ही देवाचे वचन सांगतो, तुम्ही भाकरीचे काय घेऊन बसलात?' असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी साऱ्या शिष्यगणाला बोलावले. जी कुरबूर कोपऱ्यात चालली होती, ती सगळ्यांसमोर आणली. कुजबुज बंद करण्याचा हाच एक मार्ग आहे.

दुसरी, आपली मर्यादा कबूल केली. प्रार्थना आणि वचनाची सेवा सोडून वाढण्याचे काम आपल्याला नीट जमणार नाही, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. आपल्याकडे एकच माणूस किल्ल्या, हिशेब, माइक आणि वाढप सगळे आपल्या हाती ठेवतो आणि मग लोक बोलले की रागावतो. जबाबदारी वाटून देणे हीसुद्धा न्यायाचीच गोष्ट आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. मंडळीने जे सात जण निवडले त्यांची नावे वाचा : स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव. ही सातही नावे ग्रीक आहेत. निकलाव तर जन्माने यहुदीही नव्हता. म्हणजे ज्यांची पाने रिकामी राहत होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती साऱ्या मंडळीची पळी दिली गेली. 'तीन तुमचे, चार आमचे' अशी ओढाताण झाली नाही. जो मागच्या पंगतीत बसला आहे त्यालाच कळते की मागच्या पंगतीपर्यंत काय पोहोचत नाही. ज्याने तक्रार केली त्याच्यावर विश्वास टाकणे, हे केवळ मोठ्या मनालाच जमते.

आणि याचे फळ काय झाले? वचनाचा प्रसार झाला, शिष्यांची संख्या फार वाढली, याजकांपैकीही पुष्कळ जण विश्वासात आले. वाटणी सरळ झाली आणि शुभवर्तमानाची वाट मोकळी झाली. त्या सातांतला स्तेफन पुढे ख्रिस्तसभेचा पहिला रक्तसाक्षी झाला. पंगत वाढण्यासाठी निवडलेला माणूस प्रभूसाठी प्राण देणारा ठरला.

आता उन्हाळ्याचे दिवस आहेत. पावसाळ्यात सहस्रकुंडाला पैनगंगा केवढी गर्जत कोसळते! आणि उन्हाळ्यात याच भागातल्या वाड्या-तांड्यांवर हंड्यांची रांग लागते. या रांगेत माणसाची खरी परीक्षा होते. आपल्या शेजारच्या लातूरने ती २०१६ साली दिली. मांजरा धरण कोरडे पडले होते. पाण्यावरून भांडणे होतील या भीतीने त्या वर्षी मार्च महिन्यात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती १४४ कलम लावून जमावबंदी करावी लागली. मग १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे पहिल्या फेरीला सुमारे ५ लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. 'जलदूत' असे तिचे नाव होते.

एकाच महिन्याच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. कायदा काय करू शकतो? मारामारी थांबवू शकतो, आणि तेवढे तरी त्याने केलेच पाहिजे. पण 'आजी, तुम्ही आधी भरा' हे शब्द कोणतेही कलम कुणाच्या तोंडून वदवू शकत नाही. ते आतून यावे लागतात. आणि कृष्णाकाठचे पाणी रुळांवरून मराठवाड्यात आले, तेव्हा शेकडो किलोमीटरवरची माणसे आपल्या पंगतीला बसली होती, नाही का?

पाणी आणि पंगत यांचा इतिहास आपल्या महाराष्ट्रात फार खोल आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या ओंजळीत घेतले, ते आपण माणूस आहोत हे सांगण्यासाठी. कोट्यवधी माणसांना रांगेत उभे राहण्याचाच हक्क नव्हता. नंबर पुढचा की मागचा हा प्रश्न त्यांच्या वाट्याला कधी आलाच नव्हता. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी हे सोसले आहे. ज्यांच्या घरात ही आठवण आहे, त्यांनी तरी दुसऱ्याचा हंडा मागे सरकवू नये.

काही जण विचारतील, 'फादर, पण न्याय म्हणजे काय? घरटी दोन हंडे की माणसांगणिक? आठ माणसांच्या घराला आणि दोघांच्या घराला सारखेच कसे?' प्रश्न योग्य आहे. रानात देवाने मान्ना दिला तेव्हा माप घरटी नव्हते, माणशी होते. ज्याने पुष्कळ गोळा केले त्याला जास्त उरले नाही, ज्याने थोडे केले त्याला कमी पडले नाही. ज्यांनी उद्यासाठी दडवून ठेवले त्यांच्या मान्नात किडे पडले. म्हणजे सगळ्यांना सारखे देणे हा नेहमीच न्याय नसतो. ज्याची जशी गरज तसे देणे हा न्याय. आणि ज्या म्हातारीला हापशाचा दांडा खाली दाबवत नाही, तिच्यासाठी दहा वेळा तो दाबणे, हे न्यायाच्याही एक पाऊल पुढे आहे. तिथे प्रीती सुरू होते.

अशी कितीतरी छोटी ठिकाणे आहेत. एसटी फलाटाला लागली की आपण खिडकीतून रुमाल टाकतो. रुमालाला जागा मिळते आणि कडेवर लेकरू घेतलेली बाई उभी राहते. आपण म्हणतो, 'जागा माझी आहे, मी आधी रुमाल टाकला.' नियमाने कदाचित खरेही असेल. पण त्या बाईच्या डोळ्यांना डोळा न देता आपण खिडकीबाहेर का पाहत बसतो? आपले मन आपल्याला सांगत असते, म्हणूनच ना? शेताचा बांध दरवर्षी बोटभर कोरणे, शेजारी परीक्षेची मुले अभ्यास करीत असताना रात्री उशिरापर्यंत डीजे लावणे, देवळाच्या दारातच मोटारसायकल उभी करणे, ही पापे कबुलीच्या वेळी आपल्याला आठवत नाहीत. शेजाऱ्याला मात्र ती रोज आठवतात.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १३ मे २०१५ रोजी कुटुंबांना तीन साधे शब्द शिकवले : 'कृपया', 'धन्यवाद' आणि 'क्षमा करा'. २०२० साली 'फ्रातेल्ली तुत्ती' या परिपत्रकातही त्यांनी सौजन्यावर आवर्जून लिहिले. कुणी म्हणेल, हे तर शाळेतले धडे. पण मी त्या मावशींना 'क्षमा करा' म्हणायला चार आठवडे घेतले. धर्मगुरूला चार आठवडे लागले, तर भावाभावांच्या भांडणात चार वर्षे का लागतात हे मला समजते.

त्या घरी मी क्षमा मागितली तेव्हा मावशी हसल्या. म्हणाल्या, "मग पुढच्या सणाला वाढायला आम्हाला घ्या." किती थोडक्यात त्यांनी मला आजचे वाचन समजावून दिले! येत्या सणाला वाढप वाडीवरच्या मंडळींकडे राहील, आणि तुमचा फादर शेवटच्या पंगतीला बसेल.

आजच्या शुभवर्तमानात शिष्य घाबरलेले आहेत. प्रभू त्यांना सांगतो की पित्याच्या घरी राहायला पुष्कळ जागा आहेत आणि तो स्वतः आपल्यासाठी जागा तयार करायला जातो. बंधुभगिनींनो, आपण हे खरे मानतो का? ज्याची जागा प्रभूने स्वतः धरून ठेवली आहे, त्याला रुमाल टाकण्याची एवढी घाई कशाला? आपल्याला कमी पडेल या भीतीतून आपण दुसऱ्याला ढकलतो. पित्याच्या घरी आपली जागा आहे एवढा विश्वास ज्याला आहे, तो इथे थोडे सरकून दुसऱ्याला बसायला जागा देऊ शकतो.

या आठवड्यासाठी

१. ज्याची तक्रार आपण हसण्यावारी नेली, अशा एका माणसाकडे जावे आणि त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे. उत्तर देऊ नये.

२. पाण्यावर, रेशनच्या दुकानात किंवा एसटीत एकदा तरी आपला नंबर स्वखुशीने दुसऱ्याला द्यावा.

३. पुढच्या रविवारी मिस्सानंतर आपल्या रोजच्या ओळखीच्या नसलेल्या एका कुटुंबाशी बोलावे आणि कोण आलेले नाही याची चौकशी करावी.

विश्वासूंच्या प्रार्थना

प्रतिसाद : हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.

१. आपले पोप महोदय, महागुरू, धर्मगुरू व धर्मभगिनी यांना गरिबांची कुरबूर वेळेवर ऐकू यावी आणि ती ऐकून घेण्याची नम्रता मिळावी म्हणून आपण प्रार्थना करू या.

२. पाणी, रस्ता आणि धान्य यांची वाटणी ज्यांच्या हाती आहे, त्यांनी आपला-परका न पाहता सर्वांना न्याय द्यावा म्हणून आपण प्रार्थना करू या.

३. बांधावरून, वाटणीवरून, एखाद्या शब्दावरून ज्या घरांत अबोला आहे, तिथे 'क्षमा करा' हा शब्द आधी उच्चारण्याचे धैर्य कुणाला तरी लाभावे म्हणून आपण प्रार्थना करू या.

४. या उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट करणाऱ्या आपल्या आयाबहिणींचे कष्ट कमी व्हावेत आणि यंदा वेळेवर व पुरेसा पाऊस पडावा म्हणून आपण प्रार्थना करू या.

५. आता थोडा वेळ शांत राहून, आपल्या पंगतीत ज्याचे पान रिकामे राहिले त्याला प्रभूपुढे आणू या.